नावाने, नावात, नावावर : आद्य ख्रिस्ती बाप्तिस्मावचनाचा इतिहास

१

ख्रिस्ती समुदायात प्रवेश देणारा विधी पाणी आणि शब्द या दोन घटकांनी सिद्ध होतो. पाणी वाहते असावे की साठवलेले, थंड असावे की कोमट, देह बुडवावा की मस्तकावर ओतावे, याविषयी आरंभापासून बरीच लवचीकता होती. शब्दांच्या बाबतीत मात्र ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा’ या त्रिविध नामोच्चाराचा एकच एक पाठ येशूच्या अखेरच्या आज्ञेपासून अखंड चालत आला, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हस्तलिखितांचा व विधिग्रंथांचा जो चिकित्सक अभ्यास झाला, त्याने ही समजूत टिकू दिली नाही. पहिल्या आठ शतकांत हे वचन कधी एका नावाचे होते, कधी तीन नावांचे. कधी प्रश्नोत्तररूप होते, कधी विधानरूप. कधी त्याचा कर्ता ‘मी’ होता, तर कधी कर्त्याचा निर्देशच नव्हता.

हा इतिहास केवळ धर्मशास्त्राच्या अभ्यासकांपुरता मर्यादित नाही. एखाद्या अव्ययाने, विभक्तिप्रत्ययाने किंवा सर्वनामाने माणसाचे समुदायातील स्थान ठरते, तेव्हा भाषांतर, पाठभेद आणि उच्चार हे साहित्यविचारातील प्रश्न जीवनमरणाचे होतात. तौलनिक साहित्याच्या दृष्टीने बाप्तिस्मावचनाचे महत्त्व येथे आहे.

२

नव्या करारातील साक्ष एकसारखी नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस (२८.१९) त्रिविध नामनिर्देश आढळतो आणि तेथे ‘नाव’ हा शब्द एकवचनी आहे, ही गोष्ट पुढील शतकांत वारंवार अधोरेखित केली गेली. उलट ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात बाप्तिस्म्याचे जे प्रसंग येतात, त्यांत केवळ येशूचे नाव आहे. शिवाय त्या नावाशी जोडलेले ग्रीक अव्यय दर वेळी तेच नाही. दुसऱ्या अध्यायातील पेत्राच्या उपदेशात बहुतेक हस्तलिखितांनुसार ‘एपि’, म्हणजे ‘वर’ किंवा ‘च्या आधारे’, असे अव्यय येते. दहाव्या अध्यायात कर्नेल्याच्या घरी ‘एन’, म्हणजे ‘मध्ये’. तर आठव्या व एकोणिसाव्या अध्यायांत शोमरोनी आणि इफिस येथील शिष्यांच्या संदर्भात ‘एइस’, म्हणजे ‘कडे’ किंवा ‘आत’. पौलाच्या पत्रांत आणखी एक वळण दिसते. रोमकरांस व गलतीकरांस लिहिताना तो ‘नाव’ हा शब्दच गाळतो आणि थेट ‘ख्रिस्तात’ झालेल्या बाप्तिस्म्याविषयी बोलतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मात्र, आपल्या नावाने कोणाचा बाप्तिस्मा झाला काय, असा उपरोधिक प्रश्न तो विचारतो. एखाद्याच्या नावाने बाप्तिस्मा घेणे म्हणजे त्याचे होऊन जाणे, हा अर्थ श्रोत्यांना ठाऊक होता, म्हणूनच तो उपरोध सार्थ ठरतो.

‘एइस तो ओनोमा’ या शब्दबंधाचा उगम कोठला, यावर विसाव्या शतकात महत्त्वाचा वाद झाला. विल्हेल्म हाइटम्युलर यांनी १९०३ मध्ये असे प्रतिपादन केले की हा हेलेनिस्टिक व्यवहारातील शब्दप्रयोग आहे. इजिप्तमधील ग्रीक पपायरसांवर आणि खापरांवरील पावत्यांत एखादी रक्कम कोणाच्या नावे जमा झाली, हे सांगण्यासाठी तो येतो. त्यानुसार बाप्तिस्मा घेणारा माणूस ख्रिस्ताच्या खाती वर्ग होतो, त्याच्या मालकीचा होतो. याच्या विरोधात दुसऱ्या अभ्यासकांनी हिब्रू-अरामी ‘लेशेम’ या प्रयोगाकडे लक्ष वेधले. मिश्नामध्ये बळी कोणकोणत्या गोष्टींना उद्देशून दिला जातो, हे सांगताना ‘लेशेम’ येतो. रब्बींच्या परंपरेत गुलामाचे स्नान दास्याच्या उद्देशाने झाले की मुक्ततेच्या, याची चर्चाही याच शब्दाने होते. स्नान तेच, पाणी तेच. उद्देशाच्या उच्चाराने त्याचे फळ बदलते. स्वीडिश अभ्यासक लार्स हार्टमन यांनी १९९७ मध्ये ग्रंथरूपाने या दुसऱ्या मताची सविस्तर मांडणी केली.

मराठी वाचकाला हा वाद आपल्या भाषेतून चटकन उमगतो. ‘नावाने’ म्हणताना अधिकार किंवा आवाहन सूचित होते, ‘नावात’ म्हणताना अंतर्भाव, आणि ‘नावावर’ म्हणताना मालकी. सातबाऱ्यावरची जमीन ‘नावावर होते’, हा प्रयोग हाइटम्युलर यांच्या प्रतिपादनाशी नेमका जुळतो. तर ‘लेशेम’च्या अर्थाला मीमांसकांच्या परिभाषेतील ‘देवतोद्देश’ ही कल्पना जवळची आहे, कारण तेथेही द्रव्यत्याग कोणत्या देवतेला उद्देशून केला, यावर कर्माचे स्वरूप ठरते. रूढ मराठी भाषांतरांत बहुतेक ठिकाणी ‘नावाने’ हेच रूप योजलेले असल्याने मूळ ग्रीकमधील तीन अव्ययांचा भेद मात्र दिसेनासा होतो.

मत्तयातील त्रिविध पाठ मूळचा आहे काय, हाही प्रश्न उपस्थित झाला. फ्रेडरिक कॉनिबेअर यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले की चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस हे वचन अनेकदा संक्षिप्त रूपात, तीन नावांऐवजी ख्रिस्ताच्याच नावाचा निर्देश करून, उद्धृत करतो. परंतु हा भाग ज्यांत टिकला आहे त्या सर्व ग्रीक हस्तलिखितांत त्रिविध पाठच आहे. युसेबियस स्वतःही अन्यत्र तो पूर्ण रूपात देतो. त्यामुळे कॉनिबेअर यांचा निष्कर्ष बहुतेक पाठचिकित्सकांनी स्वीकारलेला नाही. येथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो : ग्रंथात नोंदवलेले वर्णन आणि पाण्याकाठी प्रत्यक्ष उच्चारलेले शब्द एकच असतील, असे गृहीत धरता येत नाही. ‘येशूच्या नावाने बाप्तिस्मा झाला’ हे लूकचे वाक्य उच्चारित पाठाची नोंद असेल, किंवा योहानाच्या बाप्तिस्म्याहून हा बाप्तिस्मा वेगळा आहे, एवढेच त्याला सांगायचे असेल.

३

‘दिदाखे’ या ग्रंथाने हा भेद अधिक ठळक केला. फिलोथिओस ब्रिएनिओस यांना १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडलेले आणि १०५६ साली लिहिलेले हस्तलिखित १८८३ मध्ये प्रकाशित झाले, तेव्हा पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या संधिकाळातील एक विधिपुस्तिका अभ्यासकांच्या हाती आली. तिच्या सातव्या अध्यायात तीन नावांसह बाप्तिस्मा देण्याचा आणि पाण्याचा तुटवडा असल्यास मस्तकावर तीनदा पाणी ओतण्याचा आदेश आहे. नवव्या अध्यायात मात्र प्रभूभोजनाचा अधिकार कोणाला, हे सांगताना ‘प्रभूच्या नावात’ बाप्तिस्मा झालेले, एवढाच उल्लेख येतो. एकाच पुस्तिकेत दोन्ही प्रयोग नांदतात. एक विधीचे वचन आहे, दुसरे त्या विधीतून आलेल्या ओळखीचे नाव आहे, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते; किंवा दोन थर एकत्र आले आहेत, असेही म्हणता येते.

सुमारे १५५ मध्ये रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिनने तीन नावांना विशेषणांची जोड दिलेली दिसते. पिता हा विश्वाचा स्वामी, येशू हा पंतय पिलाताच्या कारकिर्दीत क्रूसावर दिला गेलेला, आत्मा हा संदेष्ट्यांच्या मुखाने बोललेला. सूत्र येथे वाढू लागते आणि त्यात इतिहास शिरतो. याच काळात ज्ञानवादी संप्रदायांनी स्वतःची वचने रचली होती. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात इरेनियसने त्यांची नोंद केली आहे. अज्ञात पिता, सर्वांची माता असलेले सत्य आणि येशूवर उतरलेला तो, अशी त्यांची त्रयी होती. काही जण दीक्षार्थींना विस्मित करण्यासाठी हिब्रू भासणारे शब्द उच्चारत, अशी तक्रारही तो करतो. अर्थ न कळणारा परभाषेतील ध्वनी अधिक सामर्थ्यवान वाटणे, हा मंत्रसाहित्याच्या अभ्यासकांना परिचित असलेला अनुभव येथे वेगळ्या भूमीत भेटतो.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी पश्चिमेकडील विधीचे रूप मात्र सूत्राचे नव्हते, संवादाचे होते. तर्तुल्लियन सांगतो की दीक्षार्थी तीनदा बुडतो आणि शुभवर्तमानात प्रभूने नेमून दिले त्याहून काहीसे अधिक उत्तर देतो. हिप्पोलितसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथात हे अधिक तपशिलाने आले आहे. या ग्रंथाचे कर्तृत्व आणि काळ यांविषयी आता गंभीर मतभेद असले, तरी त्यातील आकृतिबंध स्पष्ट आहे. दीक्षार्थी पाण्यात उभा राहतो. पित्यावर विश्वास आहे काय, पुत्रावर आहे काय, पवित्र आत्म्यावर आहे काय, असे तीन प्रश्न विचारले जातात. प्रत्येक प्रश्नाला तो ‘विश्वास आहे’ असे उत्तर देतो आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याला बुडवले जाते. ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ असे वाक्य येथे पुरोहित म्हणत नाही. बाप्तिस्मावचनाचा निर्णायक उच्चार दीक्षार्थीच्याच मुखी आहे. पुढे ‘प्रेषितांचा विश्वासांगीकार’ म्हणून प्रसिद्ध झालेला मजकूर या प्रश्नांशी निकटचा आप्तभाव राखतो.

प्रश्नोत्तराच्या या परंपरेचा ठसा हस्तलिखितांवरही उमटला आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या आठव्या अध्यायात कुशी देशाचा षंढ अधिकारी बाप्तिस्मा मागतो. प्राचीनतम हस्तलिखितांत त्याच्या विनंतीनंतर लगेच विधी होतो. काही पाठांत मात्र मध्ये एक अट आणि तिला उत्तर म्हणून त्याने केलेली श्रद्धाघोषणा येते. हे ३७वे वचन इरेनियसलाही ठाऊक होते, तरी पाठचिकित्सक ते मूळचे मानत नाहीत. प्रश्न विचारल्याविना बाप्तिस्मा होऊ शकतो, ही गोष्ट एखाद्या लेखनिकाला अस्वस्थ करून गेली असावी. ज्या विधीत तो वावरत होता, तो विधी त्याने कथेत लिहून ठेवला.

४

शब्दांच्या वैधतेचा प्रश्न तीव्र झाला तो तिसऱ्या शतकाच्या मध्यावर. मुख्य प्रवाहाबाहेरील पंथांत ज्यांचा बाप्तिस्मा झाला होता, ते परतून येऊ लागले, तेव्हा त्यांना पुन्हा पाण्यात उतरवावे काय, यावर कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप स्तेफन यांच्यात संघर्ष झाला. स्तेफनच्या मते ख्रिस्ताच्या नावाचे सामर्थ्य मोठे होते. ते जेथे उच्चारले गेले, तेथे विधी घडला होता आणि आता केवळ हस्तस्पर्श पुरेसा होता. सिप्रियनच्या मते धर्मसभेबाहेर पवित्र आत्मा नाही, म्हणून तेथे उच्चारलेला शब्द पोकळ. प्रेषितांनी येशूच्या नावाने बाप्तिस्मा दिला, या दाखल्यावर त्याने असे उत्तर दिले की ते श्रोते यहुदी होते, पित्याला आधीच मानत होते. इतरांसाठी तिन्ही नावे आवश्यक आहेत. १ सप्टेंबर २५६ रोजी कार्थेज येथील परिषदेत ८७ बिशपांची मते पुनर्बाप्तिस्म्याच्या बाजूने नोंदवली गेली.

या वादातील सर्वांत बोलका पुरावा कप्पदुकियाच्या कैसरियाचा बिशप फिर्मिलियन याच्या पत्रात आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी, भूकंप आणि छळ यांनी तो प्रदेश हादरला असताना, एक स्त्री संदेष्ट्री म्हणून पुढे आली. तिने लोकांना बाप्तिस्मा दिला आणि तो देताना रूढ व विहित प्रश्नांचे शब्दच वापरले. नियमापासून ती कोठेही ढळली नाही. केवळ शब्द पुरेसे असतील, तर तिने दिलेला बाप्तिस्माही मानावा लागेल, असा फिर्मिलियनचा युक्तिवाद होता. त्याच्या दृष्टीने तिच्यात दुरात्म्याचा संचार होता, म्हणून हा युक्तिवाद विरोधकाला निरुत्तर करणारा होता. आजच्या वाचकाच्या ध्यानात वेगळीच गोष्ट येते. शब्दांत कोणताही दोष काढता आला नाही, म्हणून दोष बोलणाऱ्या व्यक्तीत शोधावा लागला. त्या स्त्रीचे नाव पत्रात नाही. तिच्या हातून पाण्यात उतरलेल्या माणसांचे पुढे काय झाले, तेही त्यात नाही.

स्तेफन २५७ मध्ये निवर्तला आणि सिप्रियनला २५८ मध्ये देहदंड झाला. वाद मिटला नाही, पण पश्चिमेत त्याची दिशा ठरली. ३१४ च्या आर्ल येथील धर्मसभेने असा नियम केला की परतणाऱ्याला त्याची श्रद्धाघोषणा विचारावी. तिन्ही नावांनी बाप्तिस्मा झाला असल्याचे आढळले तर हस्तस्पर्श करावा, अन्यथा पुन्हा बाप्तिस्मा द्यावा. व्यक्तीऐवजी वचन तपासण्याची ही पद्धत होती. तरीही पूर्वेकडे शंका कायम राहिली. ३२५ च्या निकिया धर्मसभेने समोसाताच्या पौलाच्या अनुयायांना पुन्हा बाप्तिस्मा देण्याचे ठरवले. ते नावे उच्चारत असले, तरी योग्य श्रद्धेविना ती निष्फळ होत, असे स्पष्टीकरण पुढे अथानासियसने दिले.

चौथ्या शतकात हाच प्रश्न अव्ययांच्या रूपाने पुन्हा उभा राहिला. सुमारे ३७५ मध्ये बासिलने पवित्र आत्म्याविषयीचा आपला ग्रंथ लिहिला, त्याचे निमित्त स्तुतिवचनातील दोन पाठ हे होते. तो कधी पुत्राच्या ‘द्वारे’ आणि आत्म्या‘मध्ये’ पित्याचा गौरव करी, तर कधी पुत्रा‘सह’ व आत्म्या‘सह’. अव्यय भिन्न म्हणून स्वरूपही भिन्न, असा विरोधकांचा दावा होता. बासिलने शास्त्रग्रंथांतील अव्ययांचा प्रयोग तपासून तो खोडून काढला आणि आपला निर्णायक आधार बाप्तिस्म्यात शोधला : जसा बाप्तिस्मा, तशी श्रद्धा; जशी श्रद्धा, तशी स्तुती. याच काळात युनोमियसच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या मृत्यूला उद्देशून एकाच निमज्जनाचा विधी स्वीकारला होता. शब्द आणि बुडण्यांची संख्या ही आता मतभेदाची दृश्य खूण झाली होती.

५

वचनाचा व्याकरणिक कर्ता कोण, या प्रश्नावर पूर्व आणि पश्चिम वेगळ्या वाटांनी गेले. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात योहान क्रिसोस्तोमने दीक्षार्थींसमोर दिलेल्या प्रवचनांचा एक महत्त्वाचा संग्रह अँटोनी वेंगर यांना १९५५ मध्ये अथोस पर्वतावरील मठात सापडला. त्यात पुरोहिताचे वाक्य कर्मणी आहे. अमुक व्यक्तीचा बाप्तिस्मा होत आहे, असे तो म्हणतो. मी देतो, असे म्हणत नाही. क्रिसोस्तोम त्याचा अर्थही सांगतो. पुरोहित केवळ आपला हात उसना देतो. कर्ता ईश्वर आहे. मोप्सुएस्तियाच्या थिओडोरनेही हेच विवरण केले. लॅटिन पश्चिमेत मात्र प्रश्नोत्तराचा विधी दीर्घकाळ टिकला. आठव्या शतकातील हस्तलिखितात जपलेल्या ‘गेलाशियन’ विधिग्रंथात तो अद्याप दिसतो. त्यानंतर ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ हे कर्तरी विधान सर्वत्र स्थिरावले. बाप्तिस्मा मुख्यतः शिशूंचा होऊ लागल्यावर उत्तर देणारा कंठच उरला नाही आणि संवादाची जागा पुरोहिताच्या विधानाने घेतली, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

वचन स्थिर झाले की त्यातील चुकीचा प्रश्न येतो. ७४६ मध्ये बव्हेरियातील एका पुरोहिताने लॅटिनच्या अज्ञानामुळे ‘पित्याच्या’ व ‘पुत्राच्या’ या षष्ठ्यन्त रूपांऐवजी ‘पात्रिया’ आणि ‘फिलिया’ असे उच्चार केले. अक्षरशः घेतल्यास त्यांचा अर्थ ‘मातृभूमी’ आणि ‘कन्या’ असा होतो. बोनिफेसने अशांचा पुन्हा बाप्तिस्मा करण्याचा आदेश दिला होता. पोप झकारियास यांनी तो अमान्य केला. चूक पाखंडातून झालेली नसून केवळ भाषेच्या अज्ञानातून झाली असेल, तर विधी पुन्हा करू नये, असा त्यांचा निर्णय होता. भारतीय वाचकाला येथे ‘इन्द्रशत्रु’ शब्दाची कथा आठवल्यावाचून राहत नाही. पतंजलीने महाभाष्यात व्याकरणाध्ययनाचे प्रयोजन सांगताना तिचा निर्देश केला आहे : स्वराच्या चुकीने समासाचा अर्थ उलटला आणि मंत्र यजमानावरच कोसळला. तेथे हेतू शुद्ध असूनही ध्वनीची चूक घातक ठरते. झकारियास यांच्या निर्णयात हेतू ध्वनीला सावरून घेतो. ८६६ मध्ये पोप निकोलस पहिले यांनी बल्गेरियनांना दिलेल्या उत्तरांत तर त्रैक्याच्या किंवा केवळ ख्रिस्ताच्या नावाने झालेला बाप्तिस्माही ग्राह्य धरला आहे. नवव्या शतकातही जुन्या द्विविध परंपरेचे स्मरण पुसले गेले नव्हते.

६

पूर्व आणि पश्चिम यांच्या वचनांतील हा भेद भारताच्या भूमीवरही समोरासमोर आला. मलबारच्या थोमा ख्रिस्ती समुदायाची उपासना पूर्व सिरियन परंपरेची होती आणि तिच्या बाप्तिस्मावचनाची घडण कर्मणी होती. १५९९ मध्ये पोर्तुगीज पुढाकाराने भरलेल्या उदयंपेरूर धर्मसभेने प्रचलित पाठ बाजूला सारून रोमन पद्धतीचा कर्तरी पाठ लागू केला. एका समुदायाच्या व्याकरणावर दुसऱ्या समुदायाने केलेली ही दुरुस्ती होती; अंत्युखियात ज्या कर्मणी प्रयोगाचे ईश्वराच्या कर्तृत्वाची खूण म्हणून विवरण झाले होते, त्याच घडणीचा पाठ येथे दोषास्पद ठरला.

एकोणिसाव्या शतकात वाद वचनातील क्रियापदाकडे वळला. ‘बाप्तिझो’ या ग्रीक धातूचे लिप्यंतर करावे की ‘बुडवणे’ असे भाषांतर? बंगालमधील बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी निमज्जनवाचक शब्द वापरला. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने अशा भाषांतरांना साहाय्य नाकारले आणि त्यातून १८४० मध्ये बायबल ट्रान्सलेशन सोसायटी ही वेगळी संस्था निघाली. मराठीत प्रॉटेस्टंट परंपरेने ‘बाप्तिस्मा’ हा लिप्यंतरित शब्द रुजवला, तर कॅथॉलिक परंपरेत ‘स्नानसंस्कार’ हा शब्द प्रचारात आहे. पहिला शब्द विधीचे परकेपण जपतो आणि पाण्याच्या प्रमाणाविषयी मौन पाळतो. दुसरा त्याला देशी संस्कारांच्या मालिकेत आणून बसवतो. दोन्ही निवडींत जुन्याच प्रश्नाची उत्तरे दडलेली आहेत.

तो प्रश्न अद्याप संपलेला नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील पेन्टेकॉस्टल चळवळीत केवळ येशूच्या नावाने बाप्तिस्मा देणारा प्रवाह निर्माण झाला आणि त्याने ‘प्रेषितांची कृत्ये’चाच आधार घेतला. २०२० मध्ये व्हॅटिकनने ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणून दिलेला बाप्तिस्मा अग्राह्य ठरवला, तेव्हा ज्यांच्यासाठी ते बहुवचन उच्चारले गेले होते, त्यांना आपण ख्रिस्ती आहोत की नाही, हे नव्याने विचारावे लागले. त्यांच्या बाबतीत हेतूने शब्दाला सावरले नाही. झकारियास यांनी बव्हेरियातील अपभ्रष्ट लॅटिनला जी सवलत दिली, ती एका सर्वनामाला का मिळू नये, याचे उत्तर धर्मशास्त्र असे देते की पहिली चूक अज्ञानाची होती, दुसरी निवड जाणीवपूर्वक होती. परंतु शब्द निवडणारा एक असतो आणि त्याचे परिणाम भोगणारा दुसरा. कप्पदुकियातील त्या अनामिक स्त्रीसमोर पाण्यात उभे राहून ‘विश्वास आहे’ असे तीनदा म्हणणाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडले होते. प्रश्न कोणी विचारला, याचा वाद पुढे अनेकांनी केला; उत्तर त्यांनी स्वतः दिले होते.